सावरीखाली डबा वाजवताना

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई रोज सकाळी कबुतरं हाकलायला बाल्कनीत येऊन स्टीलच्या ताटावर चमचा बडवतात. ठण ठण ठण. चिखलोलीच्या या नव्या वस्तीत सकाळचे आवाज तसे कमी नाहीत. पाण्याचा टँकर, स्कूलबसचा हॉर्न, कुठल्या तरी मजल्यावर फरशी कापायचं मशीन, ते सगळं मी मुकाट ऐकून घेते. पण ते ताट वाजलं की माझं डोकं फिरतं. हातातला कप मी आपटतेच. सून म्हणते, "आई, कबुतरंच तर हाकलतायत त्या, तुम्हाला एवढं काय होतं?" काय होतं ते दोन वाक्यांत सांगता येत नाही, आणि तिला दोन वाक्यांपेक्षा जास्त ऐकायला सकाळी वेळ नसतो. म्हणून इथे लिहिते आहे. मी नववीत असताना एक अख्खा हंगाम सावरीच्या झाडाखाली बसून डबा बडवला. शाळेच्या आधी, शाळेनंतर आणि रविवारी दिवसभर. ते सगळं काम उलटं होतं, हे मला त्याच हंगामात कळलं होतं, आणि घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकानेही ते ऐकून घेतलं नव्हतं.

आमचं घर मोरिवलीच्या अंगाला, एका कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून होतं. म्हणजे घर आधीपासूनचं, भिंत नंतर आली. भिंतीपलीकडे आमचं भाताचं शेत होतं. ते कारखान्यात गेलं आणि बाबांना तिथेच पॅकिंगला नोकरी लागली. भोंगा वाजला की बाबा आपल्याच शेतावर कामाला जायचे, फक्त आता गेटमधून, कार्ड पंच करून. घरात आई, बाबा, ताई आणि मी. दारात एक शेळी. सकाळी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, सोबत सुक्या जवळ्याची चटणी, आणि वारा उलटा असला की त्या वासात भिंतीपलीकडून येणारा औषधासारखा एक उग्र वास मिसळलेला. तो वास आम्हाला इतका सवयीचा होता की पाहुणे नाकाला पदर लावायचे तेव्हा आई विचारायची, "काय झालं, सर्दी झाली काय?"

परसात काटेसावर होती. भिंत बांधणाऱ्यांनी तिला हात लावला नाही, पण भिंत बुंध्याच्या इतक्या जवळून नेली की झाडाचं बूड आमच्यात आणि अर्ध्या फांद्या कारखान्यात. माझ्या लहानपणी त्या झाडाला कुणी विचारत नव्हतं. हिवाळ्यात पानं गळायची, मग लालभडक फुलं यायची, मग बोंडं धरायची आणि उन्हाळ्यात ती फुटून कापूस उडायचा. तो नेमका आईने वाळत घातलेल्या पापड्यांना येऊन चिकटायचा. आई झाडाकडे बघून हात नाचवायची, "मेली, एवढा कापूस कोणाच्या बोडक्यावर घालायचा?" दरवर्षी न चुकता बोंडं यायची, कुणीही राखण न करता यायची. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आमच्या घरात ती कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. स्थळ बदलापूरचं, शिरगावातलं. मुलगा चांगला, हसरा, नोकरीला लागलेला. बोलणी झाली, चहा-पोहे झाले, सगळं सुरळीत चाललं होतं. मग निघता निघता मुलाची आई उंबऱ्यात थांबली. "आमच्यात सून येते ती सावरीच्या कापसाच्या दोन उशा घेऊन येते. माझ्या सासूने आणल्या, मी आणल्या. बाकी तुम्ही काय द्याल न द्याल, आमचं म्हणणं नाय. पण उशा सावरीच्याच." आईचा चेहरा असा फुलला की मला आजही आठवतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी तिच्याकडे असं काही मागत होतं जे तिच्याकडे होतं. "उशांचं काय घेऊन बसलात वहिनी? आमच्या दारात सावर हाय. दोन काय नि चार काय!" बस. त्या एका वाक्यात आम्ही सगळे अडकलो. ताई आतून कुजबुजली, "डोकं त्यांच्या पोराचं, उशी माझी, आणि बढाई आईची." मी हसले म्हणून मला आईचा धपाटा बसला. ताईला बसला नाही, तिचं लग्न ठरलं होतं ना.

माघात झाड फुललं. एकही पान नाही, नुसत्या काटेरी फांद्या आणि त्यांवर तळहाताएवढी लाल फुलं. पार शिवमंदिराच्या रस्त्यावरून दिसायची. आणि पाखरं! पहाटे उजाडायच्या आत कावळे हजर, मग साळुंक्या, बुलबुल, पोपट, कोतवाल, आणि बोटाएवढे ते काळे-निळे शिंजीर. असा कलकलाट की घरात बोलायचं तर ओरडावं लागे. बाबा रात्रपाळीवरून आले तेव्हा अंगणभर लाल फुलांचा सडा पडला होता. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वर पाखरं, खाली फुलं. भातशेतीतल्या माणसाला यातून एकच अर्थ लागतो. "एवढी फुलं पाडली यांनी, तर बोंडं कुठून धरायची?" ते म्हणाले. "राखण बसवायला लागेल."

आणि मग बाबांच्या अंगात शेतकरी आला. किती वर्षांनी! शेत गेल्यापासून हा माणूस सुट्टीच्या दिवशी नुसता खाटेवर पडून पत्र्याकडे बघायचा. त्या रविवारी तो शिडी लावून सावरीवर चढला, काटे लागून हात रक्ताळले तरी उतरला नाही. आमच्या बाजूच्या फांद्यांना रिकामे डबे टांगले, त्यांना दोर बांधला, दोराचं टोक खाली सोडलं. ओढलं की सगळी बाजू खडखडायची. काळी फडकी बांधली. रात्री वाघळं येतात म्हणून एक मोठा बल्ब पेटवून फांदीला टांगला. जुन्या काथ्याची गोफण वळली. दाणे भरायच्या दिवसांत पाखरं कशी हाकायची, कुठल्या आवाजाला साळुंकी उडते आणि कुठल्या आवाजाला कावळा भीक घालत नाही, हे सगळं त्यांनी मला मांडी घालून शिकवलं. इतके खूश होते की विचारू नका. गुणगुणत होते. म्हणून तर पुढे त्यांच्याशी बोलणं इतकं अवघड झालं. चुकीचं काम माणूस कुरकुरत करत असेल तर त्याला थांबवता येतं, गुणगुणत करत असेल तर काय करणार?

राखणीला मी. ताईला लग्नाची खरेदी होती, आईला घर, बाबांना कारखाना. राहिलं कोण? माझ्यापुढे रॉकेलचा रिकामा डबा आणि हातात काठी. मांडीवर भूगोलाचं पुस्तक. एक ओळ वाचायची, डबा बडवायचा, दोर ओढायचा, परत तीच ओळ वाचायची. तळहाताला फोड आले. मैत्रिणी शाळेला जाताना कुंपणापाशी थांबून विचारायच्या, "काय गं, बँड कधीचा आहे?" सुरुवातीला मला पाखरांचाच राग यायचा. मेल्यांनो, दुसरीकडे कुठे जागा नाही का? पण दिवसभर ज्याच्याकडे रागाने बघावं लागतं ते नीट दिसायला लागतं. हाकललेली पाखरं लांब जात नव्हती. आमच्या बाजूची उडून भिंतीपलीकडच्या फांद्यांवर बसायची आणि तिथे निवांत जेवायची. साळुंकी फुलाच्या कडेवर बसायची. पाकळी इतकी जाड की वाकायचीही नाही. ती डोकं आत खुपसायची आणि बाहेर काढलं की कपाळावर पिवळट भुकटी. त्या फुलात आत गोड पाणी असतं, वाटीत साठल्यासारखं. मी स्वतः पिऊन बघितलं आहे. पण त्या पाण्यापर्यंत जायचं तर मधल्या तंतूंच्या झुबक्यात तोंड घालावंच लागतं. तीच भुकटी कपाळाला घेऊन ती दुसऱ्या फुलावर, तिथून नाल्यापलीकडच्या दुसऱ्या सावरीवर, आणि परत इकडे. फुलं तर ती खातच नव्हती. पोपट थोडी कुरतडायचे, ते सोडा. बाकी सगळे नुसते पाहुणे होते, येऊन प्यायचे आणि जायचे.

शाळेत विज्ञानाच्या सरांनी त्याच सुमारास परागीभवन शिकवलं. फुलं सुगंधाने कीटकांना बोलावतात, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी हात वर केला. "सर, सावरीला वासच नाही. आणि तिच्यावर पाखरंच जास्त येतात." सर म्हणाले, "बाळ, पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क त्याचे आहेत." वर्गात हशा. पुढे मी स्वतः विज्ञानाची शिक्षिका झाले, वीसएक बॅचना हेच शिकवलं आणि प्रत्येक बॅचला सावर, पळस, पांगारा यांच्यापासून सुरुवात केली. पाखराला वासाचं फारसं कळत नाही, लाल रंग मात्र लांबून दिसतो. म्हणून झाड वासाच्या भानगडीत पडतच नाही. पानं गाळून टाकतं, लाल रंग उघडा करतं, बसायला जाड पाकळी आणि प्यायला भरपूर पाणी ठेवतं, आणि तेही ओढे आटायला लागलेल्या दिवसांत. आणि सावरीला आपल्याच झाडाची भुकटी फारशी चालत नाही, दुसऱ्या झाडाची लागते. ती आणणार कोण? ज्याला पंख आहेत तो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी घरी जाऊन पुस्तकच आईसमोर आपटलं असतं. पण पुस्तकात सुगंध होता.

पलीकडच्या बाजूला मला काहीच करता येत नव्हतं. एकदा गोफणीतला दगड भिंतीपलीकडच्या शेडच्या पत्र्यावर जाऊन पडला तर असा आवाज झाला की वॉचमन धावत आला. उत्तरेकडचा म्हातारा माणूस, मिश्या पांढऱ्या, भिंतीवरून फक्त डोकं दिसायचं. "अरे बिटिया, पत्थर मत मारो! साहब का पत्रा टूटेगा तो मेरी नौकरी जाएगी." मी म्हटलं, "भैया, चिड़िया फूल गिराती है." तो वर बघत म्हणाला, "तो गिराने दो ना. फूल गिरने के लिए ही होता है." आई बाहेर येऊन म्हणाली, त्या बाजूचं सोडून दे, आपल्या बाजूचं बघ. म्हणून झाडाची एक बाजू माझ्या ताब्यात राहिली आणि एक पाखरांच्या.

सकाळी अंगण झाडून पडलेली फुलं शेळीला घालायची हेही माझंच काम. शेळीला ती भारी आवडायची. फुलं गोळा करताना माझ्या लक्षात आलं की आमच्या अंगणातल्या प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक हिरवी गाठ आहे. आणि भिंतीच्या माथ्यावर पडलेली, म्हणजे पलीकडच्या फांद्यांवरची फुलं मी काठीने ओढून घेतली, तर त्यांतल्या पुष्कळ फुलांच्या बुडाशी गाठच नाही, नुसतं भोक. आरपार. मी दोन्ही हातांत एकेक फूल धरून वर बघितलं. पलीकडच्या फांद्यांवर, जिथून फुलं गळली होती तिथे, हिरव्या गाठी तशाच चिकटून राहिल्या होत्या. आमच्या बाजूला काही नाही, नुसती डहाळी. गाठ म्हणजेच बोंड! पलीकडे फूल आपलं काम करून, बोंड झाडावर ठेवून खाली येत होतं. आमच्याकडे बोंडासकट गळत होतं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी पुढे परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नाही. मी ओरडतच स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे बघ! पाखरं बसतात तिथलीच फुलं बोंड धरतात. आपण हाकलतो म्हणून आपली गळतायत!"

आई वालाचं बिरडं सोलत होती. तिने फूल हातात घेतलं, भोकातून बोट घालून बघितलं. मला वाटलं, झालं, पटलं. "हे त्या बाजूचं ना?" ती म्हणाली. "कारखान्याच्या धुरानं पोखरलंय. टाक ते, शेळीला देऊ नको."

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, भाकरी मोडत होते. मग म्हणाले, "पाखरानं कधी पीक वाढतं काय गो? जन्म गेला आमचा पाखरं हाकण्यात." मी म्हटलं, भात वेगळं आणि सावर वेगळी. ते म्हणाले, "तिकडे बोंडं धरतायत ती मातीमुळे. आपलीच जमीन ना ती. किती वर्षं शेणखत घातलंय तिच्यात. ती देणारच." आणि एवढं बोलून ते भिंतीकडे बघत राहिले. झाडाची मुळं भिंतीच्या दोन्ही बाजूंना आहेत, बुंधा एकच आहे, हे मी म्हणणार होते, पण ताईने माझ्या पायाला चिमटा काढला. तिलाही बाबांचा चेहरा दिसत होता. तरी ती म्हणाली, "बाबा, आठ दिवस डबा बंद करून बघा ना. कळेलच." बाबांनी मान हलवली. "आठ दिवसांत सगळं खाऊन जातील. मग तुझ्या सासूला काय दाखवू?"

मी चोरून थांबवायचाही प्रयत्न केला. एका सकाळी काठी बाजूला ठेवून गप्प बसले. दोन बुलबुल आमच्या बाजूच्या फुलावर येऊन बसलेही. एक डोकं खुपसतो न खुपसतो तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "डबा का थांबला गो?" आईला डोळ्यांनी बघायची गरजच नव्हती, ती कानाने राखण करत होती. मी रडकुंडीला येऊन डबा बडवला. इतका बडवला की त्याचं बूड फाटलं. बाबांनी दुसरा आणून दिला. अजून झाडावर निम्म्या कळ्या उमलायच्या होत्या. तेव्हा ऐकलं असतं तरी चाललं असतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मी दातओठ खाते. निम्म्या कळ्या बाकी होत्या हो!

चैत्रात जे व्हायचं तेच झालं. भिंतीपलीकडच्या फांद्या बोंडांनी लगडल्या, आणि आमच्या बाजूला शोधून शोधून चार-दोन. तीही अगदी शेंड्याला, जिथे ना दोर पोचत होता ना गोफण. मला वाटलं होतं आता तरी कुणी म्हणेल, पोर सांगत होती खरी. त्याऐवजी आई माझ्याकडे वळली. "लक्ष कुठे होतं तुझं? पुस्तकात डोकं खुपसून बसलीस. नीट हाकललं असतंस तर ही वेळ आली असती काय?" संतापून मी परसातल्या दगडावर जाऊन बसले. दिवसभर जेवले नाही. ताई भाकरी घेऊन परसात आली, माझ्याशेजारी दगडावर बसली आणि म्हणाली, "मला पटलंय तुझं. पण माझ्या पटण्याने कापूस होत नाही ना गं." तिला खरोखर कसली काळजी होती ते मला तेव्हा दिसलं. नवीन घरात पहिल्याच दिवशी मान खाली घालायची वेळ येणार होती, आणि तीही तिच्या आईच्या बढाईमुळे.

मग उल्हासनगर. आई आणि मी सावरीचा कापूस शोधत तिथल्या कॅम्पातल्या गाद्यांच्या सगळ्या दुकानांतून फिरलो. शेवटच्या दुकानातले सिंधी काका भले होते, आम्हाला स्टुलावर बसवून पाणी दिलं. "बहनजी, सावर की रुई अब कौन लाता है? ये देखो फोम, ये देखो फायबर, धोने को भी इजी. साईं, जमाना बदल गया." आई म्हणाली, "जमाना बदल्या, समधन नाय बदल्या." काका खो खो हसले, पण सावरीचा कापूस काही त्यांच्याकडे नव्हता. आम्ही साध्या कापसाची गादी सांगून परत आलो. घरी आल्यावर आई सरळ परसात गेली आणि भिंतीला हात लावून वर बघत उभी राहिली. पलीकडची बोंडं तपकिरी व्हायला लागली होती. डोळ्यांना दिसत होती, हाताला लागत नव्हती, आणि खाली जमीन एके काळी आमची. तिने हाक मारली, "ओ भैया!"

वॉचमन आला. आईने तिच्या हिंदीत सगळं सांगितलं, पोरगी का शादी, उशी, समधन. तो कानशील खाजवत म्हणाला, "माँजी, साहब ने बोला है ये साइड काट दो. पिछले साल रुई उड़कर पंखे में, मशीन में, सब जगह गई. परसों आदमी आ रहे हैं काटने." आईने भिंतीवर डोकं टेकलं. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही, फक्त म्हणाली, "या झाडानं माझं काय वाकडं केलंय मलाच म्हाईत." आता झाडाने काय केलं होतं सांगा!

फांद्या तोडल्या त्या दिवशी म्हाताऱ्याने बोंडं वेचून भिंतीवरून आमच्या अंगणात फेकली. एकेक बोंड धप धप पडत होतं आणि आम्ही मायलेकी ओटीत गोळा करत होतो. आम्ही ती पत्र्यावर वाळत घातली. पिकलेली फुटली, त्यांचा कापूस रेशमासारखा निघाला. पण पुष्कळ कच्ची होती. ती सुकून काळी पडली आणि आत नुसता चिकट गोळा. सरकी काढून, हाताने पिंजून, सगळा कापूस खोळीत भरला तेव्हा उशी झाली एक. दाबून दाबून बघितलं, पसरून बघितलं. एकच. दुसरी उशी आईने साध्या कापसाची केली, वर तशीच फुलांची खोळ घातली आणि स्वतःशीच म्हणाली, "कोण डोकं ठेवून बघतंय?"

ताईच्या सासूबाईंनी डोकं ठेवलं नाही. नुसतं बोट दाबलं. एकीवर, मग दुसरीवर. मांडवातल्या बायका बघत होत्या. "विहिणबाई, दोन काय नि चार काय म्हणाला होतात ना?" एवढंच. पण ते वर्षभर ताईला शिरगावात लोक 'एका उशीची सून' म्हणत. सणाला घरी आली की ती हसत हसत सांगायची, पाणी भरायला गेले तर कोण काय म्हणालं, हळदीकुंकवाला कोण काय म्हणालं. हसत सांगायची, पण जाताना कधी वळून सावरीकडे बघायची नाही. दुसरी उशी वर्षभराने तिच्याकडे गेली आणि मग तोंडं बंद झाली. ती उशी कशी झाली तेवढं सांगते आणि थांबते.

पुढच्या माघात झाडाला परत कळ्या आल्या. आता नुसती आमची बाजू उरली होती. बाबांनी शिडी काढली. आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "राहू द्या ती शिडी. गुडघे धरलेत तुमचे, पडाल." बाबांनी बल्ब काढला तर म्हणाली, "कशाला लाइट जाळायची उगाच?" मी डबा घेऊन परसात निघाले तर मला म्हणाली, "तुझं काय काम तिकडे? दहावी हाय ना यंदा? घरात बसून वाच." प्रत्येकाला वेगळं कारण. पाखरांचं नाव एकदाही नाही. बाबांनी शिडी परत भिंतीला लावली आणि गोफण खुंटीला अडकवली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही. डबा मी दाराशी ठेवला.

झाड फुललं आणि त्यावर जत्रा भरली. एका सकाळी मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. आई अंगण झाडत होती. मधेच ती थांबली, खाली वाकली, एक फूल उचललं, उलटं केलं. बुडाशी भोक. त्यातून तिने बोट घालून बघितलं. ते टोपलीत टाकून दुसरं उचललं, त्यालाही भोक. मग तिसरं. मग कपाळावर आडवा हात धरून फांद्यांकडे बघत राहिली, जिथे हिरव्या गाठीच गाठी राहिल्या होत्या. एवढ्या एका क्षणासाठी मी वर्षभर थांबले होते.

"आता पटलं ना?" मी म्हणाले.

"काय पटायचंय?" आईने झाडू परत चालू केला. "यंदा झाडानं मनावर घेतलंय, दुसरं काय."

झाडानं! माझ्या हातांवरचे फोड, ताईने ऐकलेले टोमणे, तो अख्खा उपाशी दिवस, आणि मनावर घेतलं ते झाडानं! माझा तोल गेला. दाराशी ठेवलेला डबा मी उचलला, काठी घेतली आणि अंगातला सगळा जोर लावून एकच दणका दिला.

आई गर्रकन वळली, झाडू माझ्यावर उगारून ओरडली, "ए, टाक तो डबा आधी! पाखरं उडतील ना!"